पाठीवर मावेल तेवढंच

"एवढंसंच सामान? म्हणजे काशीवासाला आल्या वाटतं बिचाऱ्या. ती मोठी बॅग तर त्या पोरीची, ती त्यांना पोचवून परत जाईल. सूनबाई, वरचा कमरा नको, खालचा दे. आता सीढ्या कशाला चढायच्या त्यांनी?"

दुर्गाघाटाजवळ ज्या गुरुजींच्या घरी आम्ही उतरलो होतो, त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, हे आपल्या सुनेला सांगत होत्या. मी चौकातल्या नळावर पाय धूत होते. आत्या आत देवापुढे होती, त्यामुळे तिनं ऐकलं नाही. शेवटचे दिवस काशीत काढायला येणारी म्हातारी माणसं सगळं घरीच वाटून टाकून एका पिशवीनिशी येतात. अशी कितीतरी माणसं काकूंनी पाहिली असतील. "नाही हो, सोमवारी आमचं परतीचं विमान आहे," एवढंच मला म्हणायचं होतं. पण अनोळखी माणसांत मी पटकन बोलत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी घरापुरतं, त्यामुळे वाक्य आधी मनात जुळवावं लागतं. ते जुळेपर्यंत काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या.

आत्याची ती बॅग म्हणजे पाठीवरची एक निळी सॅक. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात जी स्वतःला ठेवता येत नाही ती बॅग आपली नव्हे, असं ती म्हणते. जन्मभर शाळेत शिवण शिकवल्यामुळे असेल, पण कापडाला किती जागा लागते याचा तिचा अंदाज कधी चुकत नाही. एक साडी अंगावर, दोन सुरळी करून बॅगेत, साबणाची अर्धी वडी, औषधांची पिशवी, आणि रोज संध्याकाळी एक साडी धुऊन दोरीवर. निघण्याआधी बॅग भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवून तिनं तिचं वजन पाहिलं होतं. या वेळी तिच्यात एक नारळही होता, परसातल्या माडाचा. तो मात्र तिनं वजनात धरायचा नाही असं ठरवलं होतं.

त्या नारळामागे नवस होता. गेल्या वर्षी आत्या न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात पडल्या पडल्या ती काशीच्या संकठादेवीला म्हणाली होती, मला उभी कर, मी माझ्या पायांनी, माझं ओझं माझ्या पाठीवर घेऊन तुझ्या दारी येईन. ती उभी राहिली, चालू लागली. पण तिच्या मुलाचा, म्हणजे माझ्या दादाचा जीव थाऱ्यावर नव्हता. मला तिच्याबरोबर पाठवताना तो म्हणाला, "तिला जमतंय का, तेवढं खरं सांग मला. नाही जमलं तर हा शेवटचा प्रवास. पुढचं तिकीट मी काढणार नाही." त्यानं माझ्या मोठ्या बॅगेत शेकायची पिशवी, रक्तदाब मोजायचं यंत्र, एक रजई असं बरंच काही भरलं होतं. गल्लीत ती बॅग ओढताना तिचं एक चाक निखळलं. आत्या मागे वळून म्हणाली, "चला इन्स्पेक्टर, तुमच्यासाठी हमाल बघू." मी कशासाठी आले आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

माझ्या श्रद्धेबद्दल सांगायचं तर सांगण्यासारखं फार नव्हतं. देवळात मी हात जोडते, डोळे मिटते, आणि मग आत काय म्हणायचं ते मला सुचत नाही. शाळेतल्या प्रार्थना पाठ होत्या, पण त्या माझ्या नव्हत्या. आजूबाजूच्या बायकांचे ओठ हलताना पाहिले की त्यांचा हेवा वाटायचा आणि थोडी शंकाही यायची.

शुक्रवारी सकाळी आम्ही घाटाघाटानं निघालो. निघताना काकूंनी आत्याच्या पाठीवरची बॅग पाहून हळूच विचारलं, "देवळात सामान कशाला? इथं कुणी हात नाही लावत." आत्या बॅगेवर थाप मारून म्हणाली, "हिला दर्शनाला न्यायचंय." म्हातारीला ओझं वाहायला लावतेस, अशा नजरेनं काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली बघितलं.

सपाटीवर आत्या छान चालली. पंचगंगेला थांबून तिनं गंगेचं पाणी डोळ्यांना लावलं, भोसले घाटाच्या भिंतीची उंची मान मागे टाकून बघितली. पण संकठा घाटाच्या पायऱ्या उंच आहेत. अर्ध्यावर तिचा पाय कापायला लागला आणि ती बसली. बसली म्हणण्यापेक्षा, पायरी मिळाली म्हणून पडली नाही. मी बॅगेकडे हात नेला. तिनं पट्टा घट्ट धरला.

"हात लावू नकोस."

"आत्या, फक्त वरपर्यंत."

"मग कशाला आले मी इथवर?"

खालून एक नाववाला ओरडला, "माताजी, लाइए, हम पहुँचा देंगे." तिनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते. दवाखान्यातही मी ते भरलेले पाहिले नव्हते. माझ्या मनात दादाचा चेहरा आला. आता त्याला मी काय सांगणार होते? जे पाहिलं ते सांगितलं तर हिचं सगळं फिरणं इथंच, या पायरीवर संपणार होतं. तेव्हा मी डोळे न मिटता, हात न जोडता मनात म्हटलं, काहीतरी कर. एवढंच. ते मी कुणाला म्हटलं हेही मला ठरवता आलं नाही. पण ते माझं होतं.

आत्याच्याच वयाची एक बाई वरून उतरत होती, हातात पितळी लोटा. ती आमच्यापाशी थांबली, आत्याशेजारी बसली आणि बॅगेकडे बोट करून म्हणाली, "मन्नत है?" आत्यानं मान डोलावली. तिनं बॅग मागितली नाही. आत्याच्या पायाकडे बघून विचारलं, "छड़ी नहीं रखतीं?"

आत्यानं बॅगेचा पट्टा बोटांत पिळला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "है. बैग में."

मला पत्ताच नव्हता. साड्यांच्या सुरळ्यांखाली, तळाशी, घडीची काठी होती. जी बाई साबणाची वडीसुद्धा अर्धी कापते, ती ही काठी घरापासून पाठीवर वाहत आली होती आणि कुणाला दिसू नये म्हणून तिनं ती एकदाही बाहेर काढली नव्हती.

ती बाई हसायला लागली. "देवी ने कहा था छड़ी मत लाना?"

आधी आत्याचे खांदे हलले, मग तीही मोठ्यानं हसली. मी काठी उघडून दिली. बॅग तिनं पुन्हा स्वतःच्या पाठीवर घेतली. ती बाई एक पायरी पुढे राहून चढत होती, प्रत्येक पायरीवर थांबत होती. आम्हाला तिनं हात लावला नाही, बॅगेलाही नाही. देवळात पोचल्यावर आत्यानं बॅग देवीसमोर ठेवली, नारळ काढला, ओटी भरली. तिचे ओठ हलत होते. माझेही हलत असावेत.

बाहेर आल्यावर ती बाई नाहीशी वगैरे झालेली नव्हती. पलीकडच्या हातगाडीवर मटारच्या भावावरून ती तावातावानं भांडत होती. तिला देवीनं पाठवलं का, यावर मला कुणाशी वाद घालायचा नाही. मी मनात हाक मारली, ती आली, आणि तिनं आमचं ओझं न उचलता आम्हाला वर नेलं, एवढं मी पाहिलं. आत्याकडे पाहताना मला एक गोष्ट उमगली. सगळं देवावर सोडलं असं म्हणणारं माणूसही एखादी वस्तू तळाशी लपवून ठेवतं. ती बाहेर काढता आली की चढ तेवढाच असतो, पण माणूस चढू शकतं. त्या बाईचे आणि देवीचे आभार मी वेगवेगळे मानलेले नाहीत.

दुपारी चौकात काकू तांदूळ निवडत होत्या. आत्या दोरीवर साडी टाकत होती, काठी भिंतीला उघडपणे टेकवलेली. काकू मायेनं म्हणाल्या, "लागेल हो मन इथं, हळूहळू." आत्याला काही कळेना. तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा होता. "जमलं का तिला? खरं सांग." आत्याचे हात साडीवर थांबले. नेहमीसारखी मी फोन घेऊन बाहेर गल्लीत जाऊ शकले असते. मी तिथंच उभी राहिले. वाक्य आधी मनात जुळवलं नाही, आणि काकूंना, सूनबाईंना, सगळ्या चौकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"जमलं दादा. काठी हातात, बॅग स्वतःच्या पाठीवर, मी हातसुद्धा लावला नाही. आम्ही सोमवारी परत येतोय. आता पुढच्या प्रवासाची, द्वारकेची तिकिटं काढ, दोघींची. आणि माझीही बॅग या वेळी हिच्याएवढीच असेल."