जिम बंद, उड्या चालू

चार मराठी माणसं परदेशात जेवायला एकत्र बसली की आधी व्हिसाचं निघतं, मग आंब्याच्या पेटीचं. आमच्या नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या टोळक्यात मात्र भात वाढेपर्यंत कोणीतरी म्हणतंच, "ए, मंदारचा तो किस्सा सांग ना!" तो म्हणजे कोणता, हे कोणी विचारत नाही. एक निघाला की मागून बाकीचे येतात. मंदार स्वतः समोर बसून आमटी ओरपत असतो आणि आमचे चुकलेले तपशील दुरुस्त करतो, त्यामुळे हे सगळं खरं धरायला हरकत नाही.

मी, शैलेश आणि मंदार एकाच जिममध्ये जायचो. मी कंबरदुखीसाठी. शैलेश लग्न जमावं म्हणून. मंदार कशासाठी, हे त्यालाही सांगता यायचं नाही. अंगात कणकण असो, पाहुणे घरी असोत, बायकोचा वाढदिवस असो, तो जायचाच. त्याची बायको केतकी म्हणायची, "आमच्या घरात सवत आहे, आणि ती लोखंडाची आहे!"

*

कोरोनाचा पहिला मार्च. रविवारी संध्याकाळी बातमी आली की आज सहा वाजता सगळ्या जिम बंद. आमचा डच मॅनेजर हॉलभर फिरून लोकांना बाहेर काढत होता. सगळे निघाले. मंदार आपला मशीनवर.

"मंदार, चल! दिवे घालवतायत!" मी ओरडले.

"थांब गं, डावाच पाय झालाय. उजवा राहिलाय!"

मॅनेजरने खरंच दिवे घालवले. मंदार बाहेर आला आणि सायकल स्टँडपाशी उजव्या पायाच्या बैठका काढायला लागला. लोक थांबून बघत होते. शैलेश वैतागला, "अरे, घरी जाऊन कर ना!"

"असा एका पायाने कसा जाऊ?"

*

पुढे डंबेल्स मिळेनाशी झाली. दुकानात नाहीत, ऑनलाइन नाहीत, जुन्या बाजारात सोन्याच्या भावाने. शैलेशने शक्कल लढवली. इंडियन दुकानातून गव्हाच्या पिठाचं सगळ्यात मोठं पोतं आणलं आणि ते खांद्यावर घेऊन स्क्वॉट्स मारायला लागला.

एकदा केतकीने त्याला फोन केला, "शैलेश, दोन वाट्या पीठ देतोस का? आमचं संपलंय."

शैलेशने खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं.

"वहिनी, तांदूळ देऊ का? पीठ काढलं तर माझी प्रोग्रेस जाईल!"

स्वतः तो तेव्हा रोज भात खात होता.

*

मी आणि मंदार एकाच ऑफिसात. घरून काम करताना तो मीटिंगमध्ये कॅमेऱ्यासमोर स्क्वॉट्स मारायचा. स्क्रीनवर आम्हाला फक्त डोकं दिसायचं, खाली-वर, खाली-वर.

बॉसने एकदा विचारलं, "हे काम कोण घेईल?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेवटी बॉस खूश होऊन म्हणाला, "निदान मंदार तरी उत्साहाने हो म्हणतोय. थँक्यू मंदार!"

ते काम अजून त्याच्याकडेच आहे.

*

आता खालच्या आजी. मंदारच्या खालच्या मजल्यावर कॉरी नावाच्या डच आजी एकट्या राहायच्या. मंदार सकाळी उड्या मारायला लागला की थोड्या वेळाने खालून झाडूचा दांडा छताला लागायचा. ठक ठक ठक!

मंदार बिचारा शरमला. त्याने योगा मॅट घातली. ठोके आले. मॅटवर गालिचा घातला. ठोके आणखी जोरात! उड्या बंद कर, हा सोपा उपाय आम्ही सगळ्यांनी सुचवला. तो तेवढा त्याला सुचला नाही. शेवटी बेडरूममधली गादीच त्याने हॉलमध्ये आणली.

त्या रात्री केतकी पलंगाच्या नुसत्या फळ्यांवर बसून म्हणाली, "मी गादीवर झोपायचं की तू गादीवर उड्या मारायच्या, ते एकदा ठरव!"

*

मधे जिम उघडली, डिसेंबरात पुन्हा बंद झाली. त्या हिवाळ्यात मंदारची नडगी दुखायला लागली. तो पॅरासिटामॉल घेऊन उड्या मारत राहिला. केतकीने भांडून त्याला डॉक्टरकडे नेलं. स्कॅनमध्ये हाडाला बारीक तडा निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्ण विश्रांती. नाहीतर हाड सरळ मोडेल, मग ऑपरेशन."

"म्हणजे फक्त अप्पर बॉडी ना?"

"म्हणजे खुर्ची," बाई म्हणाल्या.

मी त्याला भेटायला गेले. तो खाली बाकावर बसला होता, मी अंतर राखून उभी. मी चेष्टेच्या मूडमध्ये होते, पण तो एकदम म्हणाला, "हसू नकोस. आई साताऱ्यात एकटी आहे. विमानं बंद. मला वाटतं, माझा एक दिवस जरी चुकला ना, तर तिकडे तिला काहीतरी होईल. मूर्खपणा आहे, कळतं मला. पण बसवत नाही गं."

मला वाईट वाटलं, आणि आपण इतके दिवस नुसतं हसत होतो याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने पहिली सुट्टी घेतली. सकाळपासून आईला फोनवर फोन. शेवटी त्या माउलीने फोनवरच हात जोडले, "मंदार, जिवंत आहे रे मी! आता कुकर लावू दे!"

*

बसून बसून त्याचा जीव मेटाकुटीला आला. केतकी डोळ्यात तेल घालून पहाऱ्यावर. ती आंघोळीला गेली की हा उठून एका पायावर उभा. हे काही टिकणार नाही, असं आम्हाला वाटायला लागलं.

तेवढ्यात एका सकाळी दाराची बेल वाजली. दारात कॉरी आजी, मास्क लावून, हातात झाडू! केतकीने घाबरून डचमध्ये माफीच मागायला सुरुवात केली. आजींनी तिला थांबवलं.

"तुमचे यजमान कुठे आहेत? उड्या का बंद झाल्या?"

केतकीने पायाचं सांगितलं.

"तरीच! माझा म्हाताऱ्यांचा व्यायामाचा वर्ग बंद पडलाय. मी खाली खुर्चीत बसून ह्यांच्या ठोक्यावर हातपाय हलवते. हे मधेच थांबले की मी झाडू वाजवायची. नंतर तर मेलं काही ऐकूच येईना!"

मंदारने हॉलमधल्या गादीकडे पाहिलं.

"तुम्ही बसा," आजी म्हणाल्या. "व्यायाम मी करते. ठोके तेवढे द्या. घरात दुसरा काही आवाजच नसतो हो."

तेव्हापासून मंदार सकाळी सोफ्यावर बसायचा, पाय स्टुलावर, आणि लाटण्याने जमिनीवर ठोके द्यायचा. सेट संपला की खालून झाडूचा एक ठोका यायचा. पहिल्या दिवशी सगळं आटोपल्यावर त्याने आईला फोन केला. एकदाच.

*

मे महिन्यात जिम उघडली. पहिल्या सकाळची वेळ मी तिघांसाठी बुक केली. दारात ही गर्दी! शैलेश तर भारावून डंबेल्सवरून हात फिरवत होता. पण मंदारचा पत्ता नाही. फोन उचलेना. डॉक्टरांनी त्याला कधीच परवानगी दिली होती, आणि जिम उघडायची वाट त्याच्याइतकी कोणी पाहिली नव्हती. पाय पुन्हा गेला की काय?

आम्ही सायकली हाणत त्याच्या घरी पोचलो. केतकीने दार उघडलं आणि आत बोट दाखवलं.

मंदार सोफ्यावर बसला होता. अंगात जिमचे कपडे, पायात बूट, बॅग शेजारी. हातात लाटणं. ठक. ठक. ठक.

"अरे मंदार, जिम उघडली!" शैलेश ओरडला.

मंदारने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल. आजींचा शेवटचा सेट चाललाय."