दोन गावांचं हसू

आमच्या अमरावतीच्या ग्रुपचे प्रेक्षक म्हणजे आमचेच नातेवाईक. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही इम्प्रोव्हचे प्रयोग करायचो. लिहिलेलं काही नाही, प्रेक्षकांनी शब्द द्यायचा आणि त्यावर तिथल्या तिथे प्रसंग उभा करायचा. प्रेक्षकांत आमची मावशी, कोणाचा मेहुणा, ऑफिसातले दोघेतिघे. आम्ही तोंड उघडायच्या आधीच ते हसायचे, आणि हेच आम्हाला टोचायचं.

अशात अकोल्याच्या ग्रुपच्या प्रमुखाचा फोन आला. तिकडे त्याचीही हीच गत होती. म्हणाला, "आपण मिळून करू. एक प्रयोग अकोल्यात, एक तुमच्याकडे. तुमचे लोक आमाले पायतीन, आमचे तुमाले."

मी फोन ठेवला आणि आमच्यातल्या प्राध्यापिकाबाईंना सांगितलं, "याचा काहीतरी डाव असणार. आपले प्रेक्षक पळवायचे असतील."

"आपले प्रेक्षक?" त्या म्हणाल्या. "म्हणजे तुमची मावशी?"

गेलो शेवटी. अकोल्याचा तो हॉल निम्मा भरला होता. आमच्या मानाने ती गर्दीच. दोन्ही ग्रुपचे कलाकार मिसळून जोड्या केल्या होत्या, माझी जोडी नेमकी त्या प्रमुखाशी. पहिले दोन प्रसंग बरे झाले. तिसऱ्याच्या आधी मधल्या रांगेतले एक काका उभे राहिले. पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी.

"हे सारं आधीच ठरलं असते," ते शांतपणे म्हणाले. "कायले लोकाले बनवून राहिले?"

प्रमुखाने हात जोडले. "मंग तुमीच द्या ना शब्द, काका."

"बोअर," काका म्हणाले.

शब्द कानावर पडतो न पडतो तोच प्रमुखाने तळहातावर नारळ धरल्यासारखं केलं आणि डोळे मिटून जमीन हुंगत चालू लागला. बोअरसाठी नारळावरून जमिनीखालचं पाणी दाखवणारा झाला तो. मी शेतमालक झालो. तो दरवेळी माझं शेत सोडून शेजाऱ्याच्या बांधावरच पाणी दाखवायचा. शेवटी त्याने बांधावर झोपलेल्या माझ्या सासऱ्याच्या पोटाखाली पाणी आहे असं सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतली माणसं उठून हसायला लागली. इतकं खरं हसू मी आमच्या हॉलमध्ये कधी ऐकलं नव्हतं.

परतताना बसमध्ये मी बाईंना म्हणालो, "तो काका त्यांचाच माणूस होता. इतक्या झटक्यात नारळ कोणाला सुचतो?"

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "मलाही तसंच वाटून राहिलं," त्या म्हणाल्या.

महिन्याभराने अमरावतीचा प्रयोग होता. मी दाराशी उभा होतो आणि तेच काका जिना चढून आले. मागे दोन रांगा भरतील इतकी माणसं. माझा संशय पक्का झाला. मध्यंतरात मी सरळ गाठलं त्यांना.

"काका, तुम्ही अकोल्याच्या ग्रुपचे ना?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मी? मी रेल्वेत टीसी होतो. बिनतिकिटाचा माणूस मले दुरून समजते. तुमी दोघं मिळून आमाले फसवून राहिले, हे पकडाले आलो. इथं बहिणीचं घर हाये, साऱ्यांले घेऊन आलो. परत्येकाले सांगितलं, घरूनच अवघड शब्द घेऊन चला, कोणाले सांगू नका."

मी त्यांना पुढच्या रांगेत जागा करून दिली.

दुसऱ्या भागात त्यांच्या बहिणीने शब्द दिला, "कवळी." प्रमुख रंगमंचाच्या मधोमध उभा होता. उभाच राहिला. ओठ हलले, आवाज नाही. त्याचा कान लाल झालेला मला बाजूने दिसत होता. असं सोंग कोणी घेऊ शकत नाही. मी तोंडावर हात धरून बोबडं बोलत आत शिरलो, "आबा, माजी कवली तुमीच घातली का?" त्याने हळूच दोन्ही ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली, नाही. हॉल फुटला. पुढच्या रांगेत काका पोट धरून हसत होते.

प्रयोग सुटल्यावर मी काकांना विचारलं, "आता पटलं ना?"

"आजचं पटलं," ते म्हणाले. "अकोल्याचं नाई. तिथं पयले टपरीवर चहा पेताना मी आमच्या बोअरचंच बोलत होतो. नारळवाल्याले शिव्या देत होतो. अन् तुमचा तो पाणीवाला बाजूलेच उभा होता."

प्रमुख खुर्च्या आवरत होता. मी जाऊन विचारलं, "काकांचं ऐकलं होतं का तू टपरीवर?"

"कान बंद करून चहा पेतात का कोणी?" तो म्हणाला आणि खुर्ची उचलून पुढे गेला. हो की नाही, ते काही कळलं नाही.

काकांची बहीण आता दर प्रयोगाला येते, शेजारणींना घेऊन. आमची मावशी मागच्या रांगेत गेली, त्याचा तिला राग आहे. दोन्ही ग्रुप मिळून पुढच्या महिन्यात परतवाड्याला जाणार आहोत. तिथल्या कॉलेजची पोरंही सोबत करणार म्हणतात. परवा प्रमुखाने बाईंना फोन करून सांगितलं, तुम्ही एक दिवस आधीच या, तिथल्या टपरीवर चहा घेऊ.

मी त्यांना विचारलं, "तुम्हालाच काहून?"

"मलाही तेच कोडं पडलंय," बाई म्हणाल्या. "पण जाणार हाये मी."