ब्रेकवाल्याने शिकवलेला वेग

माझ्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, हे कुठल्यातरी शाळेत गणित शिकवत असणार. प्रत्यक्षात हे सकाळी सहा ते दुपारी दोन बस डेपोच्या खड्ड्यात उतरून ब्रेक दुरुस्त करतात आणि संध्याकाळी टायरच्या एका जुन्या गोदामात बेसबॉलच्या पिचरना चेंडू जोरात फेकायला शिकवतात. दिवसभर थांबवायचं आणि संध्याकाळी पळवायचं! मी एकदा म्हटलंसुद्धा, "अहो, दोन्हीपैकी काहीतरी एक धरा." तर म्हणाले, "अगं, एकच आहे ते."

आता मला एखादी गोष्ट कळली नाही की माझं डोकं चालायला लागतं आणि मग मी समोरच्याचं डोकं खाते. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, एवढं मला लग्नानंतर आठवड्यातच कळलं होतं. पण हा माणूस क्रिकेटसारखा लांबून पळत येत नाही. एका छोट्या उंचवट्यावर उभा राहतो, एक पाय उचलतो, एक पाऊल पुढे टाकतो आणि अठरा मीटरवर चेंडू झेलायला बसलेल्या कॅचरकडे तो सोडतो. बस्स. मग एवढ्या एका पावलात ताशी एकशे चाळीस किलोमीटरचा वेग येतो कुठून? दंडातून म्हणावं, तर डेपोतल्या हमालांचे दंड याहून जाड.

मास्तरांनी मला शब्दांनी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेली बस चाचणीसाठी बाहेर काढली, तिच्यात मला मधोमध उभं केलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "करकचून दाब." मी दोन सीट ओलांडून थेट ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन पोचले. वर मास्तर विचारतात, "लागलं का?" आणि उत्तराची वाट न बघता, "बस थांबली म्हणून तू उडालीस. पिचरचा पुढचा पाय म्हणजे ब्रेक. तो जितका कडक थांबेल, तितकं वरचं अंग पुढे फेकलं जातं. आधी कंबर, मग छाती, मग खांदा. हात बिचारा सगळ्यात शेवटी येतो, आणि नाव मात्र त्याचं होतं." चार दिवस माझा गुडघा दुखत होता, पण धडा असा पक्का बसला की आजही मी तो कुणालाही समजावून सांगू शकते.

त्यानंतर मी गोदामात जायला लागले. माझा कपडे शिवायचा धंदा घरातलाच, त्यामुळे उसवलेले चेंडू शिवण्याचं कामही आपोआप माझ्याकडे आलं. एका चेंडूला एकशे आठ टाके, दोन सुया, लाल दोरा. मग हातात वेग मोजायची गन आली. दिसायला केस वाळवायच्या यंत्रासारखी. चेंडूवर रोखायची, घोडा दाबायचा, मागच्या काचेवर आकडा उमटतो. तो मी वहीत टिपायचा. घरी नेल्यावर मी ती कुत्र्यांवर, सायकलींवर, छताच्या पंख्यावर आणि एकदा जेवायला बसणाऱ्या सासूबाईंवरही रोखली. त्यांचा वेग आला शून्य. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे यंत्र."

मास्तरांची शिकवण्याची पद्धत कुणाला पटकन पटत नसे. नवा पिचर आला की त्याला वाटायचं, आज फेकायचं. मास्तर त्याला तीन आठवडे चेंडूला हातच लावू देत नसत. एका पायावर उभा राहा, पायऱ्या चढ, जड गोळा दोन्ही हातांनी भिंतीवर आपट, नऊ तास झोप. मग थोडे जड चेंडू, मग थोडे हलके, मग नेहमीचा. पूर्ण जोराने आठवड्यातून दोनच दिवस, तेही मोजून वीस. एकविसावा कुणी टाकला तर चेंडूच काढून घ्यायचे. म्हणायचे, "वेग मिळवणं सोपं. मिळालेला टिकवणं म्हणजे सतत स्वतःला आवरणं."

हे आवरणं त्यांना कुठून आलं, तेही सांगते. मास्तर स्वतः पिचर होते. चोविसाव्या वर्षी त्यांचे कोच गन घेऊन मागे उभे राहायचे आणि "आणखी दोन, फक्त आणखी दोन" म्हणायचे. अशाच एका "आणखी दोन"मध्ये कोपराच्या आत काहीतरी तुटलं. कोच म्हणाले, "तुझं अंगच कच्चं," आणि दुसऱ्या पोराकडे वळले. अजून मास्तरांचा उजवा हात पूर्ण सरळ होत नाही. मला मापं घेताना कळतं, त्यांच्या शर्टाची उजवी बाही मी पाऊण इंच आखूड ठेवते. म्हणून त्यांचा एकच अभिमान: अकरा वर्षांत आपल्या उंचवट्यावर एकाचंही कोपर गेलेलं नाही. बाकी कशाचा तोरा या माणसाला नाही.

आणि मग आला गोटी.

गोटी हे त्याचं टोपणनाव, बुटका आणि गोल म्हणून. दिवसा पार्सलच्या वखारीत खोकी उचलायचा, घरी बायको आणि आठ महिन्यांची मुलगी. वय सव्वीस. मोठ्या क्लबची चाचणी दोन महिन्यांवर होती आणि तिथे दोनच अटी होत्या: वय सत्तावीसच्या आत आणि वेग निदान एकशे पंचेचाळीस. म्हणजे याची ही शेवटची संधी. गोटी तेव्हा एकशे चाळीस टाकत होता. पाच हवे होते. पाच म्हणजे काय, असं आपल्याला वाटतं, पण एकशे तीसचे एकशे पस्तीस आणि एकशे चाळीसचे एकशे पंचेचाळीस यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

बाकीचे पिचर त्या काळात हंगाम संपल्यामुळे विश्रांतीवर होते. गोदामात आम्ही तिघंच. कॅचरच्या जागी जाळी, जाळीमागे स्टुलावर मी, उंचवट्यावर गोटी आणि त्याच्या बाजूला, त्याच्या पायांकडे डोळे लावून मास्तर. एका संध्याकाळी गोटीचा चेंडू जाळी फाडून माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्यावर असा आदळला की माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मास्तर माझ्यापेक्षा जास्त घाबरले. एरवी "बरी आहेस ना" एवढंही मोजून विचारणारा माणूस, धावत आला, माझं डोकं दोन्ही हातांत धरून चारी बाजूंनी बघितलं आणि स्टूल उचलून बाजूच्या भिंतीशी, एका लाकडी फळीच्या आड नेऊन ठेवलं. "उद्यापासून इथेच बसायचं." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात गोटीचा वेग पडला. एकशे तेहतीस.

मास्तरांनी त्याला चार दिवस विश्रांती दिली, कारण वेग अचानक पडला की अंग थकलं असं समजायचं, हा त्यांचा नियम. परत आला, पुन्हा एकशे तेहतीस. झोप तपासली, खाणं तपासलं, पुढचा पाय तपासला. मास्तर जमिनीवर पालथे पडून त्याचं पाऊल बघायचे. "पाय तर आधीपेक्षा कडक थांबतोय," ते घरी येऊन म्हणायचे. "मग जातो कुठे वेग?" जेवताना हात तसाच ताटावर राहायचा.

मास्तर पायांकडे बघायचे, मला फळीआडून गोटीचा चेहरा दिसायचा. एकदा पाणी पिताना म्हणाला, "काकू, आहे तेवढंही जातंय हो." तो आता अंगाऐवजी नुसत्या हाताच्या जोरावर फेकायला लागला होता. मास्तरांनाही ते दिसलं. तरी पाचव्या आठवड्यात त्यांनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. वीस झाले आणि गोटी म्हणाला, "मास्तर, आणखी दोन." मास्तरांनी चेंडू काढून घेतला नाही.

पहिला एकशे छत्तीस. दुसरा एकशे अडतीस. मी आनंदाने आकडा ओरडून सांगितला आणि मान वर केली, तर गोटी कोपर धरून खाली बसला होता.

डॉक्टर म्हणाल्या, कोपराची हाडं बांधून ठेवणारा आतला दोर पूर्ण तुटलेला नाही, चिरला आहे. शस्त्रक्रिया नको, पण सहा महिने चेंडू हातात घ्यायचा नाही. चाचणी तीन आठवड्यांवर होती. मास्तरांनी गोदामाला कुलूप लावलं. घरी आले की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मी समजूत घातली, मग भांडले, मग तेही सोडून दिलं.

मला चैन पडेना. माणसाचा पाय नीट, झोप नीट, आणि वेग जातो म्हणजे काय? एके दुपारी गन घेऊन दारात उभी राहिले. समोर शेजारीण स्कूटर शिकत होती. गल्लीच्या टोकापासून सरळ माझ्याकडे यायची, तेव्हा काचेवर पंचवीस. मी सावलीसाठी दोन पावलं बाजूला झाले, तर चोवीस, आणि जवळून जाताना एकोणीस. मी ओरडले, "अहो, मधेच हळू का करता?"

"छे हो! पंचवीसच आहे. माझं सगळं लक्ष काट्यावरच असतं, रस्त्याकडे कोण बघतंय!"

मी तिला सहा फेऱ्या मारायला लावल्या. समोरून पंचवीस, बाजूने कमी. जितकी बाजूला होत जाईन, तितका कमी. आत गेले आणि भिंतीकडे तोंड केलेल्या पाठीला म्हटलं, "अहो, गनला फक्त तिच्याकडे येणारा वेग दिसतो का?"

मास्तर हळूहळू उठून बसले. "हो," म्हणाले. "गनच्या माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय. सरळ रेषेत उभं राहायचं, नाहीतर कमी दाखवते. मला माहीत होतं गं." मग म्हणाले, "तुझ्या कानाजवळून गेला ना, तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. बायकोच्या डोक्याच्या काळजीने पहिलं पान विसरणाऱ्या माणसावर कसं रागवायचं? आम्ही गोदाम उघडलं. फळीपासून उंचवट्यापर्यंत फीत लावली: नऊ मीटर पुढे, तीन मीटर बाजूला. मास्तरांनी फरशीवर खडूने त्रिकोण काढून हिशेब केला, दोनदा केला. शंभराला पाच खाल्ले जात होते. म्हणजे एकशे तेहतीस हे एकशे चाळीसच होते. गोटीचा वेग कधी पडलाच नव्हता. नसलेला तोटा भरून काढायला त्याने आपलं कोपर घातलं होतं.

त्याच्या घरी जाताना वाटेत मास्तर म्हणाले, "स्टूल मी ठेवलं, आणखी दोनही मीच टाकू दिले. तू काही बोलू नकोस." मी बरं म्हटलं.

गोटीची खोली तिसऱ्या मजल्यावर. एका हाताला पट्टा, दुसऱ्या हाताने पोरीला भरवत होता. बायको वखारीत त्याच्या जागी कामाला गेलेली. मास्तर बसलेच नाहीत. दारातच उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं, स्टूल, फळी, पहिलं पान. "तुझी काही चूक नव्हती. माझी होती. तुझी चाचणी माझ्यामुळे गेली." मला राहवलं नाही. "आकडे तर मी लिहीत होते," मी म्हटलं. "रोज लिहिले आणि एकदाही विचारलं नाही."

गोटीने चमचा वाटीत ठेवला. मला वाटलं, आता हा आम्हाला हाकलेल, आणि हाकललं असतं तर ते आम्ही ऐकूनही घेतलं असतं.

"म्हणजे काकू," तो म्हणाला, "गेला नव्हता?"

"नव्हता रे."

"तो शेवटचा, एकशे अडतीसचा... तो किती होता मग?"

मी मास्तरांकडे पाहिलं. हा हिशेब त्यांनी केला होता, मला दाखवलाही होता, पण सांगायचा धीर त्यांना होत नव्हता. मीच सांगितलं.

"एकशे पंचेचाळीस."

गोटीने चांगल्या हाताने फोन काढला, बायकोला लावला. पलीकडे वखारीचा गोंगाट ऐकू येत होता. तो ओरडून म्हणाला, "अगं, ऐक! मी टाकला होता! एकशे पंचेचाळीस, खरंच टाकला होता!" आणि तिला पुढे काही सांगायच्या आत तो मोठ्याने रडायला लागला. पोर घाबरून त्याच्याकडे बघत होती, म्हणून मी तिला कडेवर घेतलं.