आमच्या सूनबाईची कंट्री

भजनी मंडळात किस्से गोळा करावे लागत नाहीत हो. टाळांच्या पिशवीच्या तळाशी सुपाऱ्या, सेफ्टी पिना आणि कुणाकुणाच्या टिकल्या जशा आपोआप साठतात, तसेच तेही साठतात. यंदा मात्र पिशवी फाटायची वेळ आली, आणि ती आणली माझ्या सुनेनं, रेवानं!

रेवा गाणी स्वतः लिहिते, चाल स्वतः लावते आणि गिटारवर स्वतःच गाते. बँकेतली नोकरी सोडून तिनं गिटार धरली, म्हणून तिच्या वडिलांनी, आमच्या व्याह्यांनी, तिच्याशी बोलणंच टाकलं. फोन केला तरी जावयाशी बोलतात नि ठेवतात. पोर वरून हसते, पण फोन वाजला की आधी तिचीच मान वळते.

तिचा पहिला अल्बम निघायचा ठरला, तेव्हा मी महादेवापुढे हात जोडले, "बाप लेकीशी बोलेपर्यंत मला चहा वर्ज्य." सोळा सोमवार केलेत मी, चातुर्मासात मीठ सोडलंय. पण चहाचं काही विचारू नका!

*

मंगळवारच्या भजनाला मी पेढे नेले. म्हटलं, "रेवाचा अल्बम निघाला. कंट्री रॉक आहे."

टाळ थांबले. पेढ्यांकडे निघालेले हात मागे गेले! आमच्याकडे कंट्री एकच, दुकानात मिळते ती. देशी!

पेटीवाल्या निर्मलाबाई मंडळाच्या प्रमुख. त्यांनी पेटीचा भाताच मिटला. "सोमवार करणाऱ्या बाईच्या घरात कंट्री?"

"अवं, संगीताचा प्रकार आहे तो. परदेशातल्या खेड्यापाड्यातला. शेतं, लांब रस्ते, घरची आठवण..."

"घरची आठवण तं पिल्यावरच येते वं सगळ्यायले!" मंडळातली छबीताई म्हणाली.

*

आमच्या ह्यांना मोजकं बोलायची सवय. शेजारच्या काकांनी फाटकाशी विचारलं, "सूनबाई काय करून राहिली गा सध्या?"

हे अभिमानानं म्हणाले, "कंट्री काढते. घरीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. काका आले, इकडेतिकडे बघितलं आणि शर्टाखालून रिकामी बाटली काढली!

"वहिनी, औषधापुरती."

*

चहा नाही म्हणून माझं डोकं ठणकायला लागलं. हे मला धंतोलीला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण, समजूतदार.

"काकू, अलीकडे काही बदललं का?"

"चहा सोडला."

"काहून?"

"व्याह्यांसाठी."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पंख्याकडे!

*

शेवटी निर्मलाबाईंनीच फर्मान काढलं, "ऐकल्याशिवाय कसं म्हणावं? लाव, काय आहे ते." आवाज मोठा यावा म्हणून फोन पितळी गंजात, मोठ्या पातेल्यात, ठेवला.

पहिलं गाणं सुरू झालं, ड्रम कडाडला आणि निर्मलाबाईंनी कानांवर हात ठेवले. "देवा! गाऊन राहिली का खिळे ठोकून राहिली?"

मग दुसरं गाणं. गिटार हळू, आणि मागे सारखं खट्-खटाक, खट्-खटाक. हातमाग! रेवाचं माहेर उमरेडचं, कोष्ट्यांचं. ही लहानपणी मागाखालीच झोपायची. तिचे वडील आता वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर आहेत, पण पोरीच्या कानातून माग काही गेला नाही.

"साऱ्या गावचे तुटले धागे बाप माझा सांधतो,
माझाच तेवढा राहिला धागा, गाठ कधी तो बांधतो?"

गाणं संपलं. छबीताईसुद्धा गप्प! हा मला बसलेला पहिला धक्का. दुसरा लगेचच. निर्मलाबाईंनी डोळे पुसले, पेटीचा भाता उघडला, सूर चाचपले नि म्हणाल्या, "अजून एक डाव लाव."

मग आणखी एकदा. मग आणखी.

"बाई," छबीताई म्हणाली, "चढली वाटते तुमाले!"

*

छबीताईच्या नवऱ्याचं गांधीबागेत कापडाचं दुकान. त्यांच्या गठाणी वाडीला, व्याह्यांच्याच गोडाऊनला जातात. हिनं काय करावं? गाडीवाल्या ड्रायव्हरच्या फोनमध्ये ते गाणं घातलं आणि बजावलं, "माल उतरवताना हेच वाजलं पाहिजे!" मला एका शब्दानं सांगितलं नाही.

पुढच्या मंगळवारी भजन आमच्याकडे होतं. आरती झाली, आणि मंडळानं रेवाचं गाणं धरलं. निर्मलाबाई पेटीवर, बाकीच्या टाळांवर, रेवा गिटार घेऊन मधे. दुसरं कडवं चालू असताना दारात कोण उभं? व्याही! हातात हेल्मेट, शर्टावर गोडाऊनची धूळ.

रेवाची ओळ अर्धीच राहिली. माझ्या हातातले टाळ थांबले. निर्मलाबाईंनी मान हलवून खुणावलं, चालू ठेवा!

व्याही दाराशीच खुर्चीवर बसले. चेहरा दगडासारखा. माझी नजर खाली गेली, तर चपलेतला उजवा पाय वरखाली, वरखाली. मागाची पावडी दाबावी तसा, बरोबर ठेक्यात!

गाणं संपलं. छबीताईनं पदर तोंडात कोंबलेला.

व्याह्यांनी गिटारकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग लेकीकडे. घसा खाकरला.

"रेवे, चहा टाक वं."

रेवा गिटार तशीच गळ्यात घेऊन स्वयंपाकघराकडे धावली, आणि मी बसल्या जागेवरून ओरडले,

"दोन टाक!"