चौरस की आयत: मामाच्या जोडीचा फोटो

मी नांदेडला कॉलेजात गणित शिकवते. चौरस हाही एक आयतच असतो, हे दरवर्षी नव्या पोरांच्या गळी उतरवताना माझा घसा बसतो. पण गेल्या पोळ्याला स्वतःवर वेळ आली, तेव्हा चौरस घ्यावा की आयत, यावर मीच चार दिवस डोकं पिकवत बसले होते.

माझ्याकडे रोलचे दोन कॅमेरे आहेत. एक, स्टुडिओ बंद केलेल्या ओळखीच्या काकांनी दिलेला. त्याला एकावर एक दोन भिंगं, आणि तो पोटाशी धरून मान खाली घालून बघायचा. त्यात फोटो चौरस येतो, एका रोलमध्ये बारा. दुसरा मी हौसेनं घेतलेला, विटेसारखा जड. तसल्याच रोलवर तो लांबट फोटो काढतो, पण दहाच. रोल कुरिअरनं येतो आणि धुते मीच, बाथरूममध्ये अंधार करून. तेवढा वेळ घरचे दाराबाहेर कुरकुरत उभे असतात.

काकांचं मत पक्कं होतं. "चौकोनाला आडवं-उभं करायचं न्हाई. माणूस मधी उभा करा, बटन दाबा. डोस्क्याला ताप न्हाई," असं म्हणून त्यांनी कॅमेरा माझ्या हातात ठेवला होता. मला हे पटत नव्हतं. आयतात बांध मावतो, आभाळ मावतं, शेजारचं झाड मावतं. चौरस म्हणजे आळशी माणसाची सोय, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवायचे. मला न विचारता मतं द्यायची खोड आहे.

पोळ्याच्या आठवडाभर आधी मामाचा फोन आला. त्याचं गाव देवणीजवळ.

"पोळ्याला ये, माय. जोडीचा फोटो काढायचाय. कागदावरचा. मोबाइलातला नको, त्यो कुठं जातो सापडत न्हाई."

मामाची बैलजोडी देवणी जातीचीच. अंग पांढरं, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. एक थोरला, एक धाकटा. बारा वर्षं एका जुवाखाली चाललेली ही जोडी. पण थोरल्याचा पुढचा गुडघा सुजला होता, तो लंगडायला लागला होता. पोळा झाला की त्याला जुवाला लावायचं नाही, असं मामानं ठरवलं होतं. दारात आलेल्या व्यापाऱ्यांना त्यानं तीनदा चहा पाजून परत पाठवलं होतं. थोरला मरेपर्यंत गोठ्यातच राहणार होता, पण जोडी म्हणून हा शेवटचा पोळा. फोटो बिघडला तर पुन्हा काढायची सोय नव्हती, आणि या विचारानं मला खरंच धास्ती वाटत होती.

घरात कोरा रोल एकच होता. मी गणित मांडलं. दोन बैल, लांब पाठी, लांब शेपट्या. आयतच! रोल जड कॅमेऱ्यात भरला. चौरस कॅमेऱ्यात जुन्या रोलवर एक फोटो शिल्लक होता. तोही सवयीनं पिशवीत टाकला.

पोळ्याच्या दिवशी दुपारी अंगणात बैल सजून उभे होते. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, कपाळाला बाशिंगं. मामानं नवा पटका बांधला होता. मारुतीच्या देवळाकडे निघण्याआधी फोटो उरकायचे होते. मी बैल भिंतीला आडवे उभे करायला लावले, एकापुढे एक.

"मामा, तू जरा बाजूला सरक. शेपूट येऊ दे. झूल थोडी वर घे, पाठ दिसत नाही."

आठ फोटो काढले. मला वाटलं, काय झकास चाललंय! मामाचं तोंड मात्र प्रत्येक फोटोला उतरत गेलं. "हस की," म्हटलं तर त्यानं दुसरीकडे बघितलं. मामी मला डोळ्यांनी खुणावत होती, पण फोटो काढताना मला कुणाचं काही दिसत नाही.

"काय झालं, मामा?"

"काय करायलीस तू?" मामा एकदम उसळला. "पाय दाखव, पाठ दाखव, शेपूट दाखव. इकायला काढलेत का माझे बैल?"

मी गार. मोबाइलवर फिरणारे बैलविक्रीचे सगळे फोटो डोळ्यांपुढे आले. सगळे असेच, आडवे, शेपटीसकट. व्यापाऱ्यांना परत पाठवणाऱ्या माणसाच्या अंगणात मी बाजार भरवला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग कसं उभं करू?"

"घरचा बैल तोंडाकडून बघायचा आस्तो," मामा म्हणाला. तो दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात दोघांच्या मानेवर टाकले. धाकट्यानं लगेच त्याचा पटका हुंगायला सुरुवात केली.

माझे दोन फोटो उरले होते. कॅमेरा आडवा धरला, तर एका बाजूला पाण्याची टाकी आणि दुसऱ्या बाजूला कुणाची तरी मोटारसायकल आली. उभा धरला, तर दोन्ही कडांची शिंगं कापली गेली. तरी दोन्ही फोटो काढले, आणि रोल संपला. मग निमूटपणे पिशवीतून काकांचा कॅमेरा काढला. जवळ गेले, मान खाली घातली. कॅमेऱ्याच्या वरच्या काचेवर तीन तोंडं शेजारी शेजारी बसली होती, शिंगांसकट. ना टाकी, ना मोटारसायकल.

"आता कशी बैलाच्या पाया पडायलीस!" मामा म्हणाला. मामी खो खो हसली, मामाही हसला, आणि मी बटण दाबलं.

दिवाळीत फोटो घेऊन गेले. आडव्या फोटोंवरून मामानं नजर फिरवली आणि ते पाकिटात सारले. चौरस फोटो मात्र हातात धरून बसला. मग त्यानं खालच्या कडेवर बोट ठेवलं. बैलांच्या छातीशीच फोटो संपत होता.

"पाय आले न्हाईत ह्यात."

"चौरसात तेवढंच मावतं, मामा. मी फार जवळ गेले. मागं सरकायला..."

"नको, नको. लई ब्येस झालं," तो म्हणाला. "ह्यात त्यो लंगडत न्हाई."

आणि फोटो घेऊन तो गोठ्यात गेला, थोरल्याला दाखवायला.