साडी खोचून मारलेली किक

मंडळी, आज सकाळी माझी नात नुकतीच घेतलेली जुनी मोटारसायकल ढकलत घरी आली. चढावर गाडी बंद पडली आणि लोक हसले. "आजी, माका नाय जमाचा," म्हणाली.

मग मी तिला साठच्या दशकातली माझी गोष्ट सांगितली.

मी मालवणजवळच्या एका गावात शिक्षिका होते. यजमानांचा पाय मोडला आणि त्यांनी जुनी घेतलेली मोटारसायकल अंगणात पडून राहिली. एसटी यायची ती शाळा भरल्यावर. एका सकाळी मी साडी खोचून किक मारली.

"क्लच हळू सोड गो," यजमान अंगणातून सांगत होते.

पहिल्याच वळणावर मी गाडीसकट शेतातल्या चिखलात पडले. शेजारच्या काकी धावत आल्या. "ह्या बायलमाणसाचा काम न्हय. चल घराक."

"घराक मगे जाऊ, काकी. आधी गाडी उभी करूक हात लावा."

कोपर सोललं होतं, तरी चिखलाने माखलेल्या साडीतच शाळेत गेले आणि वर्ग घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा किक मारली. महिन्याभरात हात बसला.

मग एकदा काकी कुंपणाशी येऊन हळूच म्हणाल्या, "उद्या बाजाराक जातलंस तर माका पाठी बसवून ने."

तुम्हाला 'जमणार नाही' म्हणणारं कोण नंतर तुमच्या मागे बसलं?