देवीपुढची मोकळी जागा

"देवीनं तुम्हा नवरा-बायकोला हात धरून बाहेर काढलं," असं गावात भेटेल तो म्हणतो. मी मान डोलावतो आणि पुढे चालू लागतो. खरं सांगायचं तर कितीतरी महिने हे वाक्य कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आम्हाला हात धरून काढलं, मग माझ्या धाकट्या भावाला काय म्हणून आत ठेवलं? त्याचा हात तिला सापडला नाही? वज्रेश्वरी आमची पिढीजात देवी. तिच्यावर असा राग धरणं पाप वाटायचं, पण राग जात नव्हता. आणि त्या रागाच्या तळाशी काय होतं तेही मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून जे घडलं ते सरळ सांगतो. मला चमत्कार सिद्ध करायचा नाही.

आम्ही वडप्याच्या बाजूचे. आजोबा खाडीत जाळं टाकायचे, वडिलांनी भात पिकवलं, आणि माझ्या हयातीत त्या भाताच्या जागी पत्र्याची गोदामं उभी राहिली. मी गोदामात वाढलो असं म्हटलं तरी चालेल. आमच्या धंद्यात रिकामी जागा म्हणजे पाप. माल आला की थप्पी लावायची, म्हणजे खोक्यावर खोका असा रचायचा की मध्ये कागदसुद्धा शिरता कामा नये. मागचा दरवाजा? तो नकाशात दाखवायला. त्याच्यापुढेही थप्पीच. मी स्वतः अशी थप्पी लावायचो की हमाल म्हणायचे, शेठ, ही तर भूकंपातही हलायची नाही. मला त्याचा केवढा तोरा होता!

भाऊ मात्र आजोबांवर गेलेला. लहानपणी खदाणीच्या पाण्यात उड्या मारून पोहायला शिकला, मोठेपणी समुद्राच्या तळाशी जाण्याचं वेड लागलं. लग्न केलं नाही. आई म्हणायची, "याला मासळीच बायको करून आणा." वर्षातून एकदा तो डुबकी मारणाऱ्यांच्या बोटीवर जायचा. ही बोट म्हणजे तरंगतं घरच. आठवडाभर तिथंच खायचं, तिथंच झोपायचं आणि दिवसातून दोन-तीनदा पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरायचं. "दादूस, एकदा तरी चल," तो दरवर्षी म्हणायचा. "तू जमिनीवरचं सगळं बघितलंस. आता खालचं बघ." दरवर्षी मी काहीतरी निमित्त काढायचो. शेवटी माझ्या बायकोनंच सांगितलं की दिराचं मन किती मोडायचं, जाऊया. आणि आम्ही दूर दक्षिणेकडच्या बेटांवर गेलो.

जाताना आमचं सामान म्हणजे वरातीचंच. परदेशात काय गिळायला मिळेल म्हणून तांदळाचं पीठ, सुकट, बोंबील, मसाले, पापड, सगळं खोक्यांत भरून मी गोदामासारखी वरून प्लास्टिकची पट्टी आवळली. बायकोनं दोन नारळ घेतले, एक समुद्राला द्यायला, दुसरा देवीपुढे ठेवायला. सोबत वज्रेश्वरीचा लहानसा फोटो.

झोपायच्या खोल्या बोटीच्या पोटात होत्या. आमची आणि भावाची खोली शेजारी शेजारी, मध्ये पातळ फळी. वर जायला एकच जिना, तो जेवणाच्या हॉलमध्ये निघायचा. शिवाय प्रत्येक खोलीत वरच्या बर्थच्या डोक्यावर छताला एक चौकोनी झाकण होतं. जिन्यावरून जाता आलं नाही तर या झाकणातून मागच्या डेकवर निघायचं, त्याच्याखाली काही ठेवायचं नाही, असं पहिल्याच दिवशी बोटीवरच्या माणसानं हात करून करून सांगितलं. तेव्हा मी फोनवर होतो. वडप्याला गाडी खाली करायची राहिली होती ना! माझ्याशिवाय ती जशी काही खाली होणारच नव्हती.

आम्ही दोघं खालच्या पलंगावर झोपणार, म्हणून मी खोकी वरच्या बर्थवर चढवायला घेतली. बायकोनं हात धरला. "ती जागा देवीची," ती म्हणाली. तिनं बर्थवर धुतलेलं वस्त्र अंथरलं, फोटो ठेवला, नारळ ठेवला. "देवीच्या पुढ्यात बोंबलाची खोकी ठेवणार? काही लाज?" आमच्यात बायकोशी आणि देवीशी वाद घालायची पद्धत नाही. मी खोकी उचलली आणि भावाच्या खोलीत नेली. त्याचाही वरचा बर्थ रिकामाच होता. बोट हलली तर काही पडू नये म्हणून मी तिथं माझ्या हातानं थप्पी लावली. बर्थपासून छतापर्यंत, गच्च.

भाऊ दारात उभा राहून बघत होता. "दादूस, ते झाकण मोकळं ठेवायला सांगितलंय."

"मग सामान काय माझ्या डोक्यावर ठेवू? आठवड्याचाच तर प्रश्न हाय."

तो हसला. "वयनीची देवी ऐसपैस, आणि मी बोंबलाखाली! बरं हाय." एवढंच बोलला. मोठ्या भावापुढे आवाज चढवायचा नाही, ही आमच्या घरची रीत. ती रीत त्यानं पाळली. आज वाटतं, मेल्या, एकदा तरी चढवायचा होतास आवाज. एकदा तरी मला शिव्या घालायच्या होत्यास.

जिन्याच्या तोंडाशी सगळ्यांच्या कॅमेऱ्यांच्या आणि टॉर्चच्या बॅटऱ्या एकाच लाकडी फळीवर, वायरींच्या जंजाळात चार्जिंगला लावलेल्या असायच्या. भावाला ते खटकायचं. तिथं लक्ष ठेवायला कुणीतरी बसवा, असं त्यानं बोटीवाल्यांना दोनदा सांगितलं. हो हो म्हणाले. मलाही म्हणाला, "हे मला पटत न्हाय." मी म्हटलं, "तू लय विचार करतोस."

परतीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं मला जाकीट घालून पाण्यात उतरवलं. माझा हात त्यानं सोडला नाही. डोळ्यांवरच्या काचेतून खाली बघितलं तर एक मोठं कासव आमच्या पायांखालून निवांत चाललं होतं, गावातला म्हातारा बाजारातून घरी जावा तसं. मी पाण्यातच ओरडलो आणि नाकातोंडात खारं पाणी गेलं. वर आल्यावर तो पोट धरधरून हसला. "आता कळलं का मी इथं कशाला येतो?" मला खरंच कळलं होतं. पुढच्या वर्षीही यायचं, असं मी मनात ठरवून टाकलं.

त्याच दुपारी जेवणं झाली आणि सगळी बोट आडवी झाली. बोटीवरचे खलाशीही झोपले. मला जाग आली ती ठोठावण्यानं. मधली फळी दणदण वाजत होती आणि पलीकडून भाऊ ओरडत होता, "दादूस, ऊठ! जिन्यावर आग हाय! झाकणातून वर जा! वयनीला उठव!" डोळे उघडले तर खोली धुरानं भरलेली, दिवे गेलेले. बायको माझ्या आधी वरच्या बर्थवर चढली. वर अडवायला काहीच नव्हतं, फक्त फोटो आणि नारळ. तिनं फोटो ओच्यात घेतला, झाकणाला हात लावला आणि झाकण उघडलं. मी तिच्या मागोमाग. डोळ्यांत एकदम ऊन गेलं. ते ऊन मला अजून टोचतं.

लोक पाण्यात उड्या टाकत होते. मी भावाच्या झाकणाकडे धावलो. आमच्याबरोबर डुबकी मारणारी केरळची एक बाई माझ्या आधीच तिथं पोचली होती. नाव मला तेव्हाही नीट ठाऊक नव्हतं. तिनं झाकण उचललं आणि खाली माझी खोकी. माझी थप्पी. आम्ही दोघांनी ओढली, नखं तुटली. एक खोका फाटला आणि पीठ उडालं, पण बाकीची हलेनात. मी लावलेली ना! धूर त्यांच्या फटींतून वर येत होता. एका फटीतून त्याची बोटं दिसली. मी ती धरली.

"वयनी वर आली?" त्यानं विचारलं. आवाज अगदी साधा होता, जेवायला बसताना विचारावा तसा.

"आली रं, आली. तू थांब, मी काढतो तुला."

"मग बरं झालं," तो म्हणाला.

मी बोटं धरून होतो. नंतर फक्त मीच धरून होतो. मला तिथून कुणी ओढलं, पाण्यात कसा गेलो, काही आठवत नाही. मासेमारीची एक बोट आली आणि तिनं आम्हाला वर घेतलं. केरळच्या त्या बाईचे दोन्ही हात भाजले होते. तरी ती माझ्या शेजारी येऊन बसली.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं, खोक्यांसकट. लपवण्यासारखं त्यात काय होतं? ती ऐकून उठली आणि आत गेली. पुढे कित्येक दिवस तिनं माझ्याकडे बघितलं नाही. गाव मात्र देवीची थोरवी सांगत होतं. नवरात्रात बायको ओटी भरायला निघाली तेव्हा मी गाडी घेऊन गेलो, पण अंबाडी नाक्यावर थांबवली. म्हटलं, तू रिक्षानं पुढे जा, माझी पावलं त्या पायऱ्या चढणार नाहीत. ती ओटीचं सामान घेऊन उतरली. परत आली तेव्हा तिनं घरी आईच्या हातात प्रसाद ठेवला आणि म्हणाली, "देवीनंच आम्हाला उठवलं, आई."

माझा तोल गेला. "देवीनं न्हाय! माझ्या भावानं उठवलं! त्याच्याजवळ जेवढा श्वास होता तो त्यानं आमची फळी ठोठावण्यात घालवला. तेवढ्या वेळात त्याच्या डोक्यावरची दोन खोकी तरी सरकली असती!"

आईनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मंग त्येच न्हाय का ती सांगत?" ती म्हणाली. "फोटोतल्या देवीला हात कुठं असतात ठोठवायला? तिला त्या दिवशी हात पायजे होते. तिनं माज्या लेकाचे घेतले." मग तिनं प्रसादाच्या कागदाची घडी घातली. "मना न्हाय आवडलं तिनं घेतले त्ये. पन घेतले. आता तुजे कशाला लावायचे त्ये तू बघ."

दुसऱ्या दिवशी मी गोदामात गेलो. मागच्या दरवाजापुढे नेहमीसारखी थप्पी होती आणि आत हमाल काम करत होते. मी शर्ट काढला आणि खोकी उतरवायला लागलो. मुकादम घाबरला. "शेठ, आप क्यूं? और कल फिर लग जायेगा." त्याचं खरं होतं. मी जमिनीवर पिवळे पट्टे मारले, बोर्ड लावला, आरडाओरडा केला, तरी आठवड्यानं दरवाजा परत गायब. रिकामी जागा दिसली की आमच्या माणसाचा हात थांबत नाही. माझा तरी कुठे थांबला होता? मग मी घरी जाऊन बायकोकडे तोच फोटो मागितला. खाऱ्या पाण्यानं कडेला थोडा फुगलेला. तो मागच्या दरवाजावर, डोळ्यांच्या उंचीवर लावला, खाली नारळ ठेवला, आणि झाडून घेतलं. त्या दिवसापासून तिथं कुणी एक खोका ठेवलेला नाही. आमच्याकडे बिहारचे आहेत, मालेगावचे आहेत, नमाज पढणारे आहेत, सगळेच त्या जागेवरून चपला काढून जातात. मुकादम नव्या माणसाला सांगतो, "वहां माल नहीं रखने का. वहां माताजी हैं." पुढे मी बाकीच्या गोदामांतही तसंच केलं.

वज्रेश्वरीच्या पायऱ्या आता चढतो. तिच्यापुढे उभा राहून काही मागत नाही. वाट मोकळी ठेवणं माझं काम, त्या वाटेनं कुणाला कधी न्यायचं ते तिचं. एवढं समजायला मला माझा भाऊ द्यावा लागला, हे दुःख मरेपर्यंत जायचं नाही. पण ज्या हातांनी तिनं आमची फळी वाजवली ते हात मी एका सकाळभर पाण्यात धरले होते, त्यांनी मला कासव दाखवलं होतं, यासाठी मी तिचा ऋणी आहे. हे म्हणायला मला फार दिवस लागले.

संध्याकाळी काम सुटलं की मी मागच्या दरवाजाशी जातो. दार उघडून बाहेरच्या राहिलेल्या तेवढ्या शेताकडे तोंड करून उभा राहतो आणि मुकादमाला विचारतो, सगळे बाहेर आले? तो म्हणतो, आ गये शेठ. मग मी पत्र्यावर हलकेच ठोठावतो आणि माझ्या भावाला सांगतो, "आली रं, सगळी वर आली."